पुंजाभाऊ माणसं काढतात

धाड गावच्या आठवडी बाजारात पुंजाभाऊ ब्रश समोर धरून एक डोळा मिटू लागले की बायका पदर ओढून घेतात आणि पुरुष टमाट्याच्या ढिगामागे बसतात.

"हलू नका न बे! दोन मिंटं!" पुंजाभाऊ ओरडतात. थांबतं कोण?

गावातल्या भिंतींवर ते माणसं रंगवतात. कोणी सांगत नाही, ते कोणाला विचारत नाहीत. नट नाही, पुढारी नाही, आपलीच माणसं. डफडं वाजवणारे कोंडूबुवा काढले, बुवा महिन्यात गेले. कल्हईवाले चाचा काढले, तेही पोळ्याआधी गेले. दोघं ऐंशीच्या पुढचे होते, हे कोणी धरत नाही. आमच्याकडे माणूस भिंतीवर जातो तो हार घालूनच. जिवंतपणी चढला, म्हणजे संपलंच.

"मी काय यमाचा कारकून हाये?" पुंजाभाऊ चिडतात. "डफडं कसं धरत होते, हे पोराईले कोन दाखवीन?"

मी शाळेत कारकून आहे. असल्या गोष्टी मी मानत नाही. पण गेल्या आठवड्यात सकाळी दार उघडलं, तर माझ्या कंपाउंडच्या भिंतीला ताजा पांढरा रंग, आणि पुंजाभाऊ थेट माझ्या तोंडाकडे बघताहेत. मी झटकन पदर तोंडावर ओढला.

"मले काढायचं नाही, सांगून ठेवते!"

"तुम्हाले कोन काढते, बाई? हिले काढतो."

मागे दगडावर त्यांची बायको गोदाबाई बसली होती. खापरावरचे मांडे करावेत तर तिनंच. आसपासच्या लग्नांत तिला मानाचं बोलावणं असतं. मंगळवारी बुलडाण्याला तिच्या पोटाचं ऑपरेशन होतं.

"साऱ्या गावाले काढलं," ती मला म्हणाली, "मीच काय घोडं मारलं? तीस वर्सं मांगून राह्यली. हे भेतात!"

"कोन भेते?" पुंजाभाऊ म्हणाले. आणि भिंतीकडे वळून खालून चूल आखायला लागले.

दोन दिवस ते रंगवत होते. चूल झाली, पालथं खापर झालं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलणारा मांडा असा उतरला की त्यामागची बांगडी दिसावी. हिरवं लुगडं झालं. गळ्यातली पोत झाली. तिथं ते थांबले. वर पांढरी भिंत तशीच.

"तोंड?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ते घरी आल्यावर."

मंगळवारी जीप निघाली तेव्हा गोदाबाई आतून ओरडली, "अजून टाइम हाये, काढा न हो!" पुंजाभाऊंनी रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात कोंबला. "बाई, कोनाले हात लावू देऊ नका," एवढंच म्हणाले आणि तिच्याशेजारी चढून बसले.

आज पाचवा दिवस. फोन नाही. बाजारातल्या बायका भिंतीपुढे थांबतात, हातांवरूनच "गोदाबाई हाये न?" विचारतात आणि लगबगीनं पुढे जातात. मी रोज सकाळी ब्रशचं पाणी बदलते. केस कडक झाले तर आल्या आल्या त्यांना कामाला लागता येणार नाही.