फिलिससाठी तीस बाइट

आधीच सांगून ठेवतो, चार किलोबाइटांत अख्खं अंतराळ बसवणारा माणूस डुलुथ गावात एकच. मी, अर्विड लुंडीन! दर फेब्रुवारीत आमच्या चर्चच्या सभागृहात जुन्या व्हिडिओ गेमवाल्यांची स्पर्धा भरते. चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्रावर चालेल असा नवा खेळ करायचा आणि तो चार हजार शहाण्णव बाइटांत बसवायचा. एक बाइट जास्त झाला की गाशा गुंडाळा! आजकाल फोनवर मांजराचा एक फोटो काढा, त्याच्या जागेत माझे पाचशे खेळ मावतील.

तरी मी यान बसवलं, उल्का बसवल्या, स्फोटाचा आवाजसुद्धा बसवला. चांदण्यांना जागा उरली नाही, तेव्हा खेळाच्या प्रोग्रॅममधल्या सूचनांचेच आकडे ठिपके करून आभाळभर शिंपडले. आमची फिलिस फ्रिजमधलं उरलंसुरलं सगळं एका भांड्यात घालून हॉटडिश म्हणून ओव्हनमध्ये ढकलते ना, तसंच.

फिलिस म्हणजे माझी बायको. पाच महिने तळघरात बसू दे म्हणून मी तिला शब्द दिला होता.

"शेवटी यान ज्या ग्रहावर उतरतं ना, त्या ग्रहाला तुझं नाव!"

"आणि नाव नाही दिसलं तर?"

"तर तळघर तुझं!"

दुसऱ्या दिवशी ती टेप घेऊन खाली आली. शिवणाचं मशीन कुठल्या भिंतीला बसेल ते मोजून गेली!

स्पर्धेला चार दिवस उरले, तेव्हा माझ्याकडे नऊ बाइट शिल्लक होते. पडद्यावर एक इंग्रजी अक्षर काढायला पाच बाइट लागतात. फिलिसच्या नावात पी, एच, वाय, एल, आय, एस. एल दोनदा येतो, पण काढायचा एकदाच; म्हणजे सहा अक्षरं, तीस बाइट! खेळात माझ्याकडे अक्षरं होती ती फक्त 'गेम ओव्हर'ची, आणि त्यातलं एकसुद्धा अक्षर बाईच्या नावात नाही! तीस वर्षं संसार केला, पण बायको इतकी महाग पडेल असं वाटलं नव्हतं.

मी डेल्बर्टला फोन लावला. हा स्पर्धेचा नियमवाला, एका बाइटाचीही सूट देणार नाही.

"अरे, आहेत त्या अक्षरांत जुळेल असं नाव दे की!" तो म्हणाला.

जुळवलं. एम, ए, आर, जी, ई. पहिलंच नाव जुळलं ते मार्ज! म्हटलं, ग्रहाखाली नाव कसं दिसतं ते तरी बघू, म्हणून तात्पुरतं टाकलं. नेमकी त्याच वेळी फिलिस जेवायला बोलवायला खाली उतरली.

"अर्विड, हे काय?"

"काय?"

"ग्रहावर मार्ज काय करतेय?"

आता, आमच्या शेजारीही एक मार्ज आहे. विधवा आहे, रुबार्बच्या वड्या करते आणि मला नेहमी दोन जास्त देते. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, देवाशपथ!

"ती मार्ज नाही गं! कुठलीच मार्ज नाही! ही मला फुकट मिळाली!"

"फुकट?"

"म्हणजे तिच्यासाठी काहीच द्यावं लागत नाही. तुझ्यापायी माझे तीस जातात!"

"तीस काय?"

"बाइट!"

"माझ्या फोनमध्ये पडलेत ना ढीगभर? घे त्यातले!"

"ते इथं चालत नाहीत!"

"बरोबर! माझं काहीच चालत नाही. मार्जचं चालतं!"

त्या दिवशी मला जेवायला गार सूप मिळालं. दुसऱ्या दिवशी तळघराच्या जिन्यावर कापडाचे तागे येऊन पडले.

मग मी कात्री चालवली. संगीत काढलं, सात बाइट! तिसरी उल्का काढली, चार! हे म्हणजे घर पेटलं असताना चमच्याने पाणी मारणं झालं. शेवटी एकदम डोक्यात प्रकाश पडला. 'गेम ओव्हर' हवंय कशाला? यान फुटलं की खेळ संपला, हे शेंबड्या पोरालाही कळतं! ते शब्द उडवले आणि नेमकं तिथेच फिलिसचं नाव लिहिलं. ग्रहाला सांगितलं, नाव तिथून उचल. बसलं! खेळून पाहिलं, सफाईने ग्रहावर उतरलो, खाली झळकलं 'फिलिस'. पुन्हा खेळलो, पुन्हा झळकलं. मी काही हरत नाही. स्वतः बनवलेल्या खेळात कोण हरतं?

शनिवारी सभागृह गच्च भरलं होतं. फिलिस पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचा ड्रेस घालून, चेहरा त्याहून कडक. पाद्रीबाबा म्हणाले, पहिला मान कॉफी करणाऱ्या मार्जला!

आमच्या त्याच शेजारच्या मार्जने जॉयस्टिक धरली. अकराव्या सेकंदाला उल्का आदळली, धडाम! पडदा काळा झाला आणि मधोमध मोठ्या अक्षरांत उमटलं: फिलिस!

'गेम ओव्हर' जिथं दिसायचं, तिथं आता बायको दिसत होती! शब्द काढले होते, पण ते दाखवायचा हुकूम काढायचा राहिला होता.

"अगं बाई!" मार्ज म्हणाली. "मला फिलिसने मारलं?"

सगळं सभागृह खो खो हसलं. मग रांगच लागली. धडाम, फिलिस! धडाम, फिलिस! डेल्बर्ट तर ओरडला, "मी तिसऱ्यांदा फिलिस झालो रे!" ग्रहापर्यंत एकही जण पोचला नाही. मार्ज मात्र हट्टाला पेटली, पुन्हा पुन्हा रांगेत येत राहिली. मला फिलिसकडे बघायचं धाडस होईना. मनातल्या मनात मी तळघरातलं सामान खोक्यांत भरायला घेतलं होतं.

घरी जाताना गाडीत मी माफीची सुरुवात तीनदा केली, तीनदा गिळली.

"अर्विड."

"बोल गं."

"मार्ज एकूण किती वेळा मेली?"

"चौदा."

"आणि चौदाही वेळा माझंच नाव आलं?"

"हो गं. चुकून झालं, मी..."

"सगळ्यांसमोर?"

"हो."

ती खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिली. काचेत तिचं हसू मला स्वच्छ दिसलं.

"शिवणाचं मशीन राहू दे वरच," ती म्हणाली. "पण पुढच्या वर्षी माझं नाव जरा दुप्पट मोठं कर."

दुप्पट! अहो, दुप्पट म्हणजे साठ बाइट!