गाडी गेली म्हणजे घर रिकामं

अकोल्यातल्या आपल्या नव्या बंगल्याला चोर शिवणार नाही, अशी खुशालरावांची खात्री होती आणि ती ते कुणी न विचारताही सांगत. घराला लागूनच गॅरेज, गॅरेजातून दार थेट स्वयंपाकघरात. गाडी गॅरेजाबाहेर पडली की पाच मिनिटांनी शटर खाली, सगळी दारं आपोआप कुलूपबंद, आणि आत कुणी हललं की सायरन. "गाडी गेली म्हणजे घर रिकामं," ते म्हणत. "मी गाडीबिगर कुठी जातो?"

शेजारी गाडी मागायला येतात, हे मात्र त्यांनी या सुरक्षा यंत्राला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी त्यांच्या मुलीला, दामिनीला पाहायला अमरावतीहून सहदेवराव, त्यांच्या पत्नी आणि मुलगा अनुप आले. आधीची तीन स्थळं दामिनीनंच नाकारली होती. हा मुलगा तिला मनापासून आवडला होता, म्हणून खुशालराव सकाळपासून धास्तावलेले. आलूबोंडे वाढले जात होते, तेवढ्यात शेजारचा मोतीराम दारात उभा.

"काका, पातूरहून सासऱ्याले आणाचं हाये. गाडी देता?"

पाहुण्यांसमोर नाही कसं म्हणणार? किल्ल्यांचा अख्खा जुडगा त्याच्या हातात गेला. दारांची किल्ली त्यातच होती, आणि ज्यावरून यंत्र बंद करता येई तो मोबाइलही गाडीतच चार्जिंगला होता.

पाच मिनिटांनी शटर खाली आलं, दारं बंद झाली. सहदेवराव चटणीकडे हात नेतात तोच सायरन सुरू झाला.

"हे काय होये?"

"सिक्युरिटी," खुशालराव म्हणाले. "चांगली चालून राहिली."

यंत्रानं तेवढ्यात सहदेवरावांचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलाही होता : घरात अनोळखी इसम. दहा मिनिटांत खुशालरावांच्या पत्नी लीलाबाई यांचा भाऊ देवीदास चार माणसं आणि काठ्या घेऊन खिडकीच्या गजांपाशी हजर झाला.

"भाऊजी, भिऊ नका. तो बोंडा खाऊन राहिला तोच चोर ना?"

"हळू बोल. व्याही होणार हायेत."

"मंग कोंडलं काऊन त्याईले?"

खुशालरावांनी लीलाबाईंच्या फोनवरून मोतीरामला गाठलं, तर तो म्हणाला, "काका, सासरे जेवल्याबिगर निघून नाई राहिले."

सायरन एव्हाना आपोआप थांबला होता. लीलाबाईंनी वरण-भात टाकला. दामिनी आणि अनुप कोपऱ्यात बसून निवांत बोलत होते, जणू दार बंद असल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. सहदेवरावांनी यंत्राचं माहितीपुस्तक दोनदा वाचून काढलं आणि दुसऱ्या तासाला म्हणाले, "पोरगी पसंत हाये."

लीलाबाईंचे डोळे भरून आले. खुशालरावांचा जीव मात्र आणखीच टांगणीला लागला. कोंडलेल्या माणसाचा होकार धरायचा तरी कसा?

अखेर मोतीराम आला. शटर वर गेलं, दारं उघडली आणि यंत्र अदबीनं म्हणालं, "खुशालराव, घरी आपलं स्वागत आहे."

पाहुण्यांनी चपला घातल्या. खुशालरावांनी हात जोडले. "सहदेवराव, आता दार उघडं हाये. एकडाव पुन्हा सांगा."

सहदेवराव अंगणात गेले, फाटकाबाहेर पडले आणि चांगले रस्त्यावर उभे राहून म्हणाले, "पसंत हाये म्हनलं ना. पण साखरपुडा अमरावतीले, आमच्या घरी. आमच्या दाराले कडी हाये."