डेंटिस्टने जिंकलेला डाव धरायचा का?

सेरोब डेंटिस्टने दवाखान्याची खिडकी सताड उघडली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करून टाकलं, "मी आरेगला हरवलं. देशाच्या विजेत्याला. ब्लिट्झमध्ये."

खाली तुतीच्या झाडाखाली पट मांडलेला होता आणि त्याभोवती नेहमीची मंडळी. येरेवानमध्ये माणसाने दुसरी कुठलीही थाप मारावी, लोक मान डोलावतात आणि सोडून देतात. बुद्धिबळातली थाप मात्र कोणी सोडत नाही, पार सोलून काढतात. त्यातून त्या बाकावर मधोमध बसले होते सेरोबचे सासरे, गास्पार. तरुणपणी नावाजलेले खेळाडू. त्या पटावर कोण बसणार, कोण नुसता बघणार, हे तेच ठरवायचे. लग्न झाल्यापासून सेरोब बघणाऱ्यांत होता. दरवेळी तो बाकाकडे सरकला की सासरे म्हणायचे, "जावईबापू, हा विचार करायचा खेळ आहे. तुम्ही आपले फासे टाका. आणि जाता जाता कॉफी सांगा."

एवढीच एक सल होती बिचाऱ्याच्या मनात. दवाखाना चांगला चालत होता, बायको मायाळू होती, पेशंट खूश होऊन कोन्याकच्या बाटल्या आणून द्यायचे. पण तुतीखालच्या बाकावर जागा नव्हती, म्हणजे त्याच्या लेखी काहीच नव्हतं.

"जरा खाली येऊन नीट सांगता का?" असं सासरे कधी विचारत नाहीत. ते म्हणाले, "खाली ये."

सेरोब पांढऱ्या कोटासकट खाली धावला. हकीकत अशी होती. शहरात मोठी स्पर्धा सुरू होणार, बाहेरदेशचे खेळाडू आलेले, आणि आदल्या दिवशीच आरेगची दाढ ठणकायला लागली. झोरिक टॅक्सीवाल्याने त्याला उचलून थेट सेरोबच्या खुर्चीत आणून बसवलं. सेरोबने सुई दिली. आता भूल चढेपर्यंत काय करायचं? दवाखान्यात पट होता, बुद्धिबळाचं जुनं किल्लीचं घड्याळ होतं, वेळ संपली की लाल झेंडी पडणारं. सेरोब म्हणाला, "एक होऊन जाऊ दे?" आरेगने मान हलवली. ब्लिट्झ, म्हणजे दोघांना पाच-पाच मिनिटं, ज्याची वेळ आधी संपेल तो हरला.

"आणि जिंकलो," सेरोब म्हणाला.

"मात दिलीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"त्याची वेळ संपली."

"पटावर काय होतं?"

सेरोबने जरा घसा साफ केला. "माझा वजीर गेला होता. एक हत्तीपण."

झोरिक गुडघ्यावर थाप मारून हसला. सासरे हसले नाहीत. "म्हणजे पोराच्या गालात सुई खुपसलीस, अर्धं तोंड बधिर केलंस, तो गाल चाचपत बसला, तेवढ्यात त्याची वेळ संपली. पटावर तू मेला होतास."

"घड्याळात जिवंत होतो ना, बाबा. ब्लिट्झमध्ये घड्याळही खेळाचाच भाग असतं. तुम्हीच सांगता."

"ब्लिट्झमध्ये कोणीही कोणालाही हरवतं. उद्या तुझी नर्स हरवेल. असले डाव धरत नाहीत."

"का नाही धरायचे? मी हरलो असतो तर माझी हार धरली असतीत ना? लगेच धरली असतीत."

मुद्दा बिनतोड होता, म्हणून सासऱ्यांनी विषय बदलला. "कॉफी सांग," म्हणाले.

पण झोरिकला विषय मिळाला होता. टॅक्सीवाल्याला विषय मिळाला की तो शहराला मिळतो. त्या संध्याकाळपर्यंत विमानतळावर उतरणाऱ्या माणसालाही ठाऊक झालं की कुठल्याशा डेंटिस्टने विजेत्याला लोळवलं. भाजीवाली सेरोबला कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायला लागली. सेरोब ती हातात धरून गल्लीतून असा चालला की जणू कोणी हार घातलाय. बायको न्वार्द म्हणाली, "अरे, तो बिचारा कळवळत होता आणि तू डाव जिंकत होतास. सांगतोस काय मिरवून?" पण ऐकतो कोण.

दुसऱ्या दिवशी आरेग स्पर्धेतला पहिला डाव हरला. समोर कोण, तर ज्याचं नाव कोणी ऐकलं नव्हतं असा एक पोरगेला पाहुणा. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हरला. मोहरा उचलायचा, परत ठेवायचा, घड्याळाकडे बघत राहायचा.

आणि मग शहराला कारण आठवलं.

भाजीवालीने कोथिंबीर दिली नाही, विकतही दिली नाही. लावाश रोटीच्या दुकानात बाई म्हणाल्या, "ज्याने आमच्या पोराचं डोकं फिरवलं, त्याला रोटी कशाला?" दवाखान्यात सकाळपासून एकही पेशंट फिरकला नाही. एका म्हातारीने फोनवर सांगितलं की दाढ दुखतेय, पण देशासाठी सोसीन. असं काही होईल हे सेरोबच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तो ज्याला त्याला धरून सांगायला लागला, "अहो, तो डाव धरायचाच नसतो. भूल दिली होती. माझा वजीर गेला होता. ब्लिट्झमध्ये कोणीही जिंकतं."

"परवा तर खिडकीतून ओरडत होतास," झोरिक म्हणाला.

"परवा मी मूर्ख होतो."

"परवा ते तुझ्या एकट्या सासऱ्यांना माहीत होतं. आता सगळ्यांना कळलंय."

शेवटी सासऱ्यांनी बोलावणं धाडलं. या वेळी त्यांनी कॉफी मागितली नाही, तेव्हाच सेरोब काय ते समजला.

"त्याच्या दाढेचं काम पुरं झालंय?"

"नाही, बाबा. अर्धं राहिलंय. उद्या स्पर्धेला सुट्टी आहे, तेव्हा येणार आहे."

"मग उद्या पुन्हा डाव मांड. आणि हर."

सेरोबला हे फार लागलं. "तुम्हीच म्हणता ना, तो डाव धरायचा नाही?"

"आपण धरत नाही रे. पण तो पोरगा धरतोय. त्याला वाटतंय, मी दातवाल्याकडून हरलो, आता मी कोणाकडूनही हरेन. ते त्याच्या डोक्यातून तूच काढायचंस, तूच घातलंयस."

सेरोबने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांपुढे अट घातली. "हरलो तर मला बाकावर जागा. रोजची."

सासऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "हरलास तर दिली."

घरी आल्यावर तो न्वार्दला म्हणाला, "हरायला काय अक्कल लागते? आजवर न सांगता हरत आलोय."

दुसऱ्या दिवशी आरेग आला. गाल सुजलेला, डोळे खोल गेलेले. सेरोबला त्याच्याकडे बघवेना. डावाचा विषय कसा काढावा याचा तो विचार करत होता, तेवढ्यात आरेगच म्हणाला, "डॉक्टर, आज आधी डाव. सुई मग."

उघड्या दाराबाहेरच्या गॅलरीत सासरे आणि झोरिक उभे होते, आपण हवा खायला आलोय अशा चेहऱ्याने.

डाव सुरू झाला. सेरोबने सरळ वजीर उचलला आणि आरेगच्या प्याद्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. घ्या, महाराज. फुकट. लहान पोरानेही घेतला असता.

आरेगने घेतला नाही. तो त्या वजिराकडे टक लावून बघत बसला. मग त्याने सेरोबच्या चेहऱ्याकडे पाहिलं, परत वजिराकडे, आणि एक घोडा मागे ओढला.

सेरोब हादरला. त्याने हत्ती दिला. आरेग आणखी घाबरला. सेरोबने राजा उघडा टाकला, नुसता शह दिला असता तरी काम झालं असतं. आरेग कपाळ धरून विचार करत राहिला. आता हरायला विचार करावा लागत नाही, त्यामुळे सेरोबच्या चाली झरझर होत होत्या आणि त्याची वेळ जवळजवळ सगळी शिल्लक होती. इकडे आरेगची मिनिटं भराभर जळत होती. सेरोब जितका वेड्यासारखा खेळे तितका तो आरेगला खोल वाटे. दाराबाहेर सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले.

सेरोबच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. आरेगच्या घड्याळातली लाल झेंडी वर उचलली गेली होती, पडायचीच बाकी. आता एकच उपाय, आपण खेळायचंच नाही. आपली वेळ संपू द्यायची. तो हाताची घडी घालून बसला.

खोलीत घड्याळाची टिकटिक तेवढी राहिली.

"डॉक्टर," आरेग हळूच म्हणाला, "खेळा."

"विचार करतोय."

"नाही करत. तुम्ही माझी कीव करताय." त्याने घड्याळाकडे बोट दाखवलं. "इतकी वाईट वेळ आलीय का माझ्यावर, की दातवाल्याने मला डाव सोडून द्यावा? खेळा. नाहीतर मी दाढ तशीच घेऊन जातो."

सेरोबने हाताची घडी सोडली. त्याने एक प्यादं पुढे सारलं आणि घड्याळ दाबलं. आरेगने हात उचलला. झेंडी पडली.

बाहेर झोरिकच्या तोंडून आईची आठवण निघाली.

सेरोबने झेंडी पुन्हा निरखून पाहिली. हरायला बसलो आणि देशाच्या विजेत्याला पुन्हा हरवलं. आरेग पटाकडे बघत होता. बराच वेळ बघून त्याने विचारलं, "खरं सांगा. तो वजीर... फुकट होता?"

"फुकट होता," सेरोब म्हणाला. आता लपवून काय उपयोग. "हत्तीपण. राजापण. मी हरायलाच बसलो होतो, बाळा. मला तेवढंसुद्धा जमलं नाही."

आरेगने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि हसायला लागला. सुजलेला गाल धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "म्हणजे मला तुम्ही नाही हरवलंत. मीच हरवतोय मला." मग खुर्चीत आडवा होऊन त्याने आपणहून तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून तो जिंकत सुटला. भाजीवालीची कोथिंबीर परत आली, दाढ दुखणारी म्हातारीही आली. बाकावरची जागा मात्र आली नाही. सासरे म्हणाले, "अट हरायची होती." यावर काय बोलणार.

स्पर्धा जिंकून आरेग डॉक्टरांना भेटायला आला, तेव्हा अंगण फुलून गेलं होतं. सासऱ्यांनी त्याला तुतीखाली बसवलं आणि लोकांच्या आग्रहाखातर त्याच्याशी एक ब्लिट्झ मांडला. सेरोब नेहमीसारखा मागे उभा राहून बघत होता. त्याला दिसलं की आरेगने जिंकत आलेल्या डावात एक घोडा उगाच लांब नेला, मग एका चालीवर जरा जास्तच वेळ विचार केला, आणि त्याची झेंडी अगदी साळसूदपणे पडली. कोणाला कळलंसुद्धा नाही. हरावं कसं हे त्या पोराला उत्तम येत होतं.

सासरे ताडकन उभे राहिले. कान लाल झाले होते. "विजेत्याला हरवलं," ते म्हणाले. मग त्यांची नजर जमलेल्या लोकांवरून फिरत फिरत जावयावर येऊन थांबली. "ब्लिट्झ असला म्हणून काय झालं. धरायचा ना हा डाव?"

आरेग आपल्या बुटांच्या नाड्या बघत होता. सेरोबच्या जिभेवर सगळं आलं होतं, घोडा, घड्याळ, सगळं. मग त्याने म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला.

"धरायचा, बाबा," तो म्हणाला. "का नाही धरायचा?"

सासऱ्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते बाकावर बसले आणि बाजूला सरकले. "ये. बस."

सेरोब बसला. सासऱ्यांनी मोहरे लावले, आणि झोरिक काडेपेटी शोधून सिगारेट पेटवतोय तोवर जावयाला मात देऊन मोकळे झाले.

तो डाव मात्र सगळ्यांनी विनातक्रार धरला.