रॉकेट, हेल्मेट आणि दाढ

"यात घाबरण्यासारखं आहे काय? पाण्याचं रॉकेट म्हणजे एक बाटली, थोडं पाणी आणि सायकलचा पंप. पाच मिनिटांचं काम!" आईनं ठणकावून सांगितलं.

आठ वर्षांच्या चिमणीनं हातातला पुठ्ठा हळूच खाली ठेवला. "बाबांना येऊ दे ना आई. तू घाबरतेस."

"मी? मी कशालाही घाबरत नाही!"

"मग दाढ का नाही काढत?" पाच वर्षांच्या ढब्ब्यानं नेमकं वर्मावर बोट ठेवलं.

आता दाढेचं म्हणाल, तर ती तीन महिने ठणकत होती आणि दातांचे डॉक्टर त्याच इमारतीत तळमजल्यावर होते! इतक्या जवळच्या डॉक्टरांना टाळणं म्हणजे काय कष्ट असतात, ते आईलाच ठाऊक. भाजीची पिशवी तोंडापुढे धरून ती त्यांच्या दारावरून मांजरीच्या पावलांनी जायची. पण आज मुलीच्या डोळ्यांत जी कीव दिसली ना, ती दाढेहून जास्त ठणकली. बाबा येतील तेव्हा येवोत. रॉकेट आजच उडणार, आणि आईच उडवणार!

रॉकेट खरंच अर्ध्या तासात झालं. बाटलीला पुठ्ठ्याचे तीन पंख, तोंडात रबरी बूच, बुचातून आरपार पंपाची सुई. वेळ लागला तो सुरक्षेला. आईनं वहीत एकवीस नियम लिहिले. ढब्ब्याच्या डोक्यावर पातेलं चढवलं, चिमणीच्या डोक्यावर तिचं सायकलचं हेल्मेट आणि स्वतःच्या डोक्यावर बाबांचं स्कूटरचं, काच खाली ओढून! तरी जिवाला चैन कुठलं? रॉकेट रस्त्यावर जाऊन कुणाच्या टाळक्यात बसलं तर? म्हणून तिनं त्याला लांबलचक नायलॉनची दोरी बांधली.

"आई, याला पतंग म्हणतात," चिमणी म्हणाली.

"नियम सातवा! उलट बोलायचं नाही!"

दोरीचं दुसरं टोक गच्चीवर कपडे वाळत घालायच्या तारेला बांधायचं ठरलं होतं. आईनं ते चांगल्या तीन गाठी मारून बांधलंही. पण हेल्मेटच्या काचेवर तिच्याच श्वासांची वाफ धरली होती. गाठी बसल्या त्या तारेला नाही, तारेवर अडकवलेल्या हँगरला! आणि हँगरवर वाळत होता तळमजल्यावरच्या डॉक्टरांचा पांढराशुभ्र कोट.

उलट्या स्टुलाच्या चार पायांत रॉकेट उलटं उभं राहिलं. चिमणी लांबून पंप मारू लागली. दहा झाले, वीस झाले. बाटली गप्प!

"बूच जास्तच घट्ट बसलंय," चिमणी म्हणाली.

"कुणी हलायचं नाही! मी बघते!" आई गुडघ्यांवर रांगत पुढे गेली आणि हातभर लांबून झाडूच्या दांड्यानं बुचाला हळूच टोचलं.

फस्सऽऽऽ!

आई नखशिखांत भिजली. रॉकेट सुसाट वर गेलं, दोरी ताणली गेली, तारेवरून हँगर निसटला आणि डॉक्टरांचा कोट दोन्ही बाह्या पसरून, लग्नाला उशीर झालेल्या पाहुण्यासारखा कठड्यावरून लगबगीनं पसार झाला!

खाली औषधवाल्यानं वर पाहिलं मात्र, त्याची बोबडीच वळली. "धावा! डॉक्टरांनी गच्चीवरून उडी मारली!"

बघता बघता गर्दी जमली. कोट त्याच्याच दुकानाच्या छपरावर पालथा पडला होता. औषधवाला स्टुलावर चढला, बाही चाचपली आणि कपाळावर हात मारून म्हणाला, "नाडी लागत नाही हो!"

तेवढ्यात दवाखान्याचं दार उघडून तोंडाला मास्क लावलेले डॉक्टर धावत आले. "सरका, सरका! कोण पडलं?"

"तुम्ही!" गर्दी एका सुरात ओरडली.

"मी?" डॉक्टरांनी स्वतःला खालपासून वरपर्यंत चाचपून पाहिलं. "मी तर आत एकाची दाढ काढत होतो!"

हे ऐकताच दवाखान्यातला पेशंट गळ्यातल्या रुमालासकट जो सुटला, तो थेट चौकापलीकडे!

आई हेल्मेटची काच वर सारून, जिना उतरून खाली पोचली तेव्हा डॉक्टर आपला कोट उलटसुलट करून बघत होते. तिच्या अंगावरून पाणी निथळत होतं. माफी कुठल्या शब्दानं सुरू करावी, याच विचारात ती होती. पण चिमणीला कुठला दम!

"डॉक्टरकाका, माझ्या आईनं उडवलं! एकटीनं! माझी आई कशालाच घाबरत नाही!"

तीन महिने आई हेच ऐकायला आसुसली होती. पण ऐकायला जागा कुठली मिळाली बघा!

"अस्सं?" डॉक्टरांनी कोट झटकला आणि अंगात घातला. "मग या ना वहिनी. बऱ्याच दिवसांत दिसला नाहीत. खुर्ची आत्ताच रिकामी झालीय!"

आईनं हेल्मेटची काच पुन्हा खाली ओढली.

चिमणीनं काचेवर टकटक केली. "आई, यात घाबरण्यासारखं आहे काय? पाच मिनिटांचं काम!"

काचेवर वाफ धरली. आतून बारीक आवाज आला,

"आधी... बाबांना येऊ दे ना गं!"