तात्पर्य नामंजूर

हबीब मास्तरांना धड्याखालचं तात्पर्य सहन होत नसे. पुस्तक पहिलीचं असो की सातवीचं, धडा ते मन लावून वाचत, वाचताना डोलत, मधेच स्वतःशी हसत. पण शेवटी 'तात्पर्य' हा शब्द आला की चष्मा कपाळावर चढायचा. मग खोटं बोलणाऱ्या पोराकडं बघावं तसं ते पुस्तकाकडं बघत आणि मोठ्यानं म्हणत, "नामंजूर!"

त्यांचा वर्ग हसायचा. मधली भिंत पातळ, त्यामुळं माझाही वर्ग हसायचा. नवा मुख्याध्यापक आला की पहिल्या आठवड्यात मला बोलावून विचारायचा, "बाई, हे काय प्रकरण आहे?" मी सांगायची, "साहेब, त्यांना मराठी मीच शिकवलीय. पण हे मी शिकवलेलं नाही."

खरंच, त्यांना मराठी मी शिकवली. फुशारकी मारत नाही. कारण पुढं सगळी हयात ते माझीच मराठी दुरुस्त करत राहिले.

आमची शाळा औरंगाबादेत, शहराच्या जुन्या भागात. निजामाच्या राज्यात तिथं सगळं उर्दूतून चालायचं. हबीब मास्तर हिसाब आणि भूगोल शिकवायचे. सगळ्या जातीधर्मांची पोरं त्यांच्याकडून उर्दूतच पाढे शिकली. मग पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, आणि शाळेवरची पाटी बदलली. मी मूळची लासूरकडची. रझाकारांच्या धामधुमीत वडिलांनी मला मनमाडला मावशीकडं धाडलं होतं. तिथं मी मराठी फायनल झाले, आणि परत आले तर मराठी शिकवणाऱ्यांचा इथं दुष्काळ! एकोणीस-वीस वर्षांची मी, एका दिवसात बाई झाले.

जुन्या शिक्षकांना हुकूम आला की मराठीची परीक्षा द्या, नाहीतर घरी बसा. काहींनी पेन्शन घेतली, काही हैदराबादला गेले. मुख्याध्यापकांनी हबीब मास्तरांना समजावलं, "शहरात उर्दूचे वर्ग अजून आहेत. तिकडं बदली मागा. कशाला या वयात तकलीफ?"

मास्तर म्हणाले, "शाळा माझी आहे. तिची जबान बदलली. मी शाळा नाही बदलणार. जबान बदलीन."

दुसऱ्या दिवशी मी पहिलीच्या वर्गात शिरले, तर तरटपट्टीवर मागच्या ओळीत शेरवानी घातलेले, दाढी पिकू लागलेले एक गृहस्थ मांडीवर पाटी घेऊन बसलेले. मला बघून ते ताडकन उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळी पोरं उभी राहिली. मी घाबरून म्हणाले, "बसा की वो मास्तर!"

"आधी उस्तानीबाई बसतील," ते म्हणाले, "मग शागीर्द."

त्यांना इथली बोली येत होती, पण अक्षर एक येत नव्हतं. बाराखडी त्यांनी बघता बघता उचलली. अडलं ते एका 'ळ'वर. 'बाळ' म्हणा म्हटलं की 'बाल' यायचं. शेजारी बसलेलं पोरगं त्यांना जीभ उलटी करून दाखवायचं. मी त्यांना रंगांची नावं घोकायला दिली. तर हे शाळा सुटल्यावर पाणचक्कीवरून बेगमपुऱ्याकडं चालत निघायचे ते मोठ्यानं "काळा, निळा, पिवळा, जांभळा" करत. एक टांगेवाला बरेच दिवस हे ऐकत होता. शेवटी त्यानं टांगा थांबवून विचारलं, "मास्तर, एकदाचा सांगा तरी, कोनता रंग पायजे?"

माझ्या वडिलांना मात्र यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. ते म्हणाले, "ज्यांच्या धाकानं तुला मनमाडला धाडली, त्यांनाच आता बाराखडी शिकवती व्हय?"

"दादा, हे मास्तर हायेत," मी म्हणाले. "रझाकार नाय."

दादांनी विषय सोडला. पटलं म्हणून नव्हे. त्या वर्षात दोन्हीकडच्या लोकांनी इतकं बघितलं होतं की नवं काही पटवून घ्यायला कुणाच्या मनात जागाच उरली नव्हती.

परीक्षेच्या पुस्तकात एक धडा होता. वादळी पावसात एका कुंभाराची सगळी मडकी फुटतात. तो रडत नाही, ओरडत नाही, फुटक्या मडक्यांत स्वस्थ बसून राहतो. त्या वाटेनं राजाची स्वारी येते. कुंभाराचं समाधान बघून राजा खूश होतो आणि त्याला ओंजळभर मोहरा देतो. तात्पर्य : संकटात स्वस्थ राहावे.

मास्तरांनी हा धडा पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला आणि बोट परत राजाच्या ओळीवर नेलं. मग त्यांनी विचारलं, "बाई, राजा नाही आला तर?"

"येतो की. लिहिलंय ना पुढं."

"पुस्तकात येतो. आमचा राजा तर गेला! आता मोहरा कोण देणार?" आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "तात्पर्य नामंजूर."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मला वाटलं, गंमत आहे. गंमत नव्हती.

परीक्षेला पुण्याकडचे एक तपासणीस आले होते. कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. मास्तरांनी लेखी पेपर चांगला सोडवला. तोंडीला तपासणिसांनी नेमका कुंभाराचा धडा काढला आणि तात्पर्य विचारलं. मास्तरांनी पुस्तक मिटलं, त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "ते छापलेले आहे, साहेब. पण मला नामंजूर आहे."

नापास.

मी व्हरांड्यात उभी होते. मला रडूच आलं. "अवो मास्तर, छापलंय तेवढं म्हनायचं न् मोकळं व्हायचं! तुमचं काय जात होतं?"

"बाई," ते शांतपणे म्हणाले, "छापलेले सगळेच मंजूर करायचे, तर मग वाचायचे कशाला?"

आणखी एक संधी मिळणार होती, तीच शेवटची. तोवर मुख्याध्यापकांनी त्यांना शिकवणं बंद करायला सांगितलं. पंधराएक वर्षं ज्या वर्गात भूगोल शिकवला, त्याच वर्गातले नकाशे झटकून ठेवायचं काम त्यांना दिलं. लोक म्हणाले, आता हा माणूस मोडणार. मास्तरांनी नकाशे झटकले, आणि झटकता झटकता नद्यांची, डोंगरांची, शहरांची नावं मराठीत पाठ केली. मी विचारलं, "वाईट वाटतं का वो?"

"वाटते," ते म्हणाले. "पण गोदावरी दोन्ही भाषांत पूर्वेलाच वाहते."

तोपर्यंत त्यांचं बोलणं पार पुस्तकी होऊन गेलं होतं. जुनी बोली त्यांनी टाकूनच दिली. शहागंजात भाजीवाल्यासमोर उभं राहून विचारायचे, "अहो, ही वांगी कोवळी आहेत काय?" भाजीवाला आधी मागं वळून बघायचा, कुणी साहेब आलाय का. मी 'नाय' म्हटलं की लगेच, "नाही, बाई. नाही." मी चिडून म्हणायची, "माझ्या आईनं मला नायच शिकवलंय." तर म्हणायचे, "आपल्या मातोश्रींना माझा आदाब. परंतु परीक्षा मातोश्री घेणार नाहीत."

दुसऱ्या परीक्षेला तपासणीस तेच आले. मी आदल्या दिवशी मास्तरांना हात जोडले होते. म्हटलं, या वेळेला तरी छापलेलं बोला. ते हसले फक्त. मी व्हरांड्यात दाराला कान लावून उभी राहिले.

तपासणिसांनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाले, "गेल्या वेळी तुम्ही राजाला नामंजूर केलंत."

"तात्पर्याला, साहेब," मास्तर म्हणाले. "राजाला तर दिल्लीने केले."

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं.

"बरं," तपासणीस म्हणाले. "राजा आला नाही. मग कुंभारानं काय करावं? ते सांगा."

"सगळी मडकी फुटली, हे खरे," मास्तर एकेक शब्द तोलून बोलत होते. "परंतु तोच पाऊस मातीवरही पडला आहे. माती भिजलेली आहे, साहेब. आयती. कुंभाराने उठावे आणि चाक फिरवावे."

तपासणिसांनी कागद पुढं ओढल्याचा आवाज आला. मग त्यांनी विचारलं, "चाक. लिंग कोणतं?"

"नपुंसकलिंग. ते चाक."

"अनेकवचन?"

"चाके."

"या."

मास्तर पास झाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "लई भारी बोललात!" तर म्हणाले, "लई नव्हे, बाई. फार."

त्यानंतर मराठी शिकवायला आमच्याकडं त्यांच्याएवढा कडक माणूस नव्हता. हर्सूलचे एक पाटील एकदा तणतणत आले. पोराच्या निबंधात मास्तरांनी सगळीकडं लाल शाई केली होती. "आमी इथले मूळचे मराठी. आन् हे आमाला मराठी शिकवनार?" मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "पाटील, तुम्हाला ती आईकडून फुकट मिळाली. मी ती परीक्षा देऊन घेतली आहे. फुकटच्या वस्तूची निगा कमी राखली जाते." पाटील जाताना मिशीतल्या मिशीत हसत होते. पुढं त्यांनी धाकटाही आमच्याच शाळेत घातला.

कुणावर काही संकट आलं की मास्तर कुठला तरी धडा आठवायचे, त्याचं तात्पर्य नामंजूर करायचे आणि आपलं सांगायचे. शिपायाचं घर पडलं तेव्हा सांगितलं, फीसाठी अडलेल्या पोरांना सांगितलं. एकदा माझीही वेळ आली. माझं लग्न ठरलं होतं, आणि सासरच्यांनी ऐन वेळी कळवलं की नोकरी सोडावी लागेल. दादा म्हणाले, बाईमाणसानं निमूट ऐकावं, त्यातच सुख असतं. मी शिक्षकांच्या खोलीत डोळे पुसत बसले होते. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "निमूट ऐकावे, हे कोणत्या धड्याचे तात्पर्य?"

"सगळ्याच धड्यांचं," मी म्हणाले.

"मग म्हणा, नामंजूर."

"माझ्यानं नाय म्हनवत."

"सुरुवातीला तोंडातल्या तोंडात म्हटले तरी चालते. मी 'ळ' तसाच शिकलो."

घरी जाऊन मी आधी तोंडातल्या तोंडात म्हणाले. मग दादांसमोर मोठ्यानं म्हणाले. ते लग्न मोडलं. दोन वर्षांनी दुसरं झालं, आणि त्या माणसानं मी शिकवते म्हणूनच होकार दिला होता. मी निवृत्त होईपर्यंत शिकवलं.

असा हा माणूस. मला वाटायचं, आपण त्यांना पुरतं ओळखतो.

बऱ्याच वर्षांनी एकदा मास्तर लागोपाठ काही दिवस शाळेत आले नाहीत. ते कधी रजा घेत नसत. लग्न त्यांनी केलं नव्हतं, घरात फक्त म्हाताऱ्या अम्मी. त्या आजारी आहेत एवढं कळलं, म्हणून दुपारी पिशवीत मोसंबी घेऊन मी बेगमपुऱ्यात गेले. दार उघडंच होतं. अम्मी खाटेवर उशांना टेकून बसल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. मास्तर खाली बसून त्यांना चमच्यानं खिचडी भरवत होते. त्यांनी मला खुणेनं बसायला सांगितलं.

"छोटे," अम्मींनी हवेत हात फिरवत विचारलं, "कब आया रे?"

मी इकडंतिकडं बघितलं. खोलीत चौथं कुणी नव्हतं.

"अब्बीच आया, अम्मी," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा नव्हताच. कोवळा, लाडात आलेला, एखाद्या खोडकर पोराचा आवाज.

"कराची से?"

"हौ, कराची से."

"इत्ती दूर से! खाना खाया?"

"तुम खिलाए बगैर कैसा खाता?"

अम्मी खुदकन हसल्या आणि त्यांनी पुढचा घास घेतला.

मास्तरांना धाकटा भाऊ होता, हे मला त्या दुपारी कळलं. इतकी वर्षं एका शाळेत काढली, एका भिंतीआड शिकवलं, पण त्यांच्या तोंडून भावाचं नाव कधी आलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी नंतर सांगितलं की पोलीस ॲक्शननंतर तो गेला. थोड्या दिवसांत येतो म्हणाला आणि आला नाही.

"बडे दिखा नै," अम्मींनी थोरल्याची चौकशी केली.

"मदरसे गये."

"अच्छा हुआ. उसके सामने बोलती नै मैं." त्यांनी आवाज बारीक केला. "तू गया ना, तब से उनो सब से झगडताइच रहता. लोगां समझते, बडा सख्त आदमी है. मेरेकू मालूम है ना! तेरी रजई ओढ के सोता उनो. गर्मी में भी." मग मास्तरांचा हात चाचपडत शोधून त्यांनी घट्ट धरला. "तू आया है तो उसके पास बैठ जरा. अकेला है रे उनो."

मास्तरांचा चमचा हवेतच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

"बैठता, अम्मी," ते म्हणाले. "घर आए तो बैठता."

मग त्यांनी खिचडी फुंकून गार केली आणि चमचा अम्मींच्या ओठांशी नेला. मी पिशवीतलं एक मोसंबं काढलं आणि कुणाला न विचारता सोलायला बसले.