दुसऱ्या गिअरमधला नकार

"गिअर खाली पाडणं म्हणजे काय मोठं!" सुईताईंनी जाहीर केलं. "ज्या हातात डॉक्टरांना नस सापडत नाही, त्या हातात मला पहिल्या टोचणीत सापडते. एवढीशी लोखंडी पट्टी पायाने दाबायला मला कोण शिकवणार?"

हे भाषण धाकट्या भावासमोर आणि भावजयीसमोर झालं, तेही डोक्यात हेल्मेट, काच वर आणि हातात चहाचा कप अशा थाटात. मोटरसायकल दाराशी उभी होती. जुनी होती, पण सुईताईंनी ती इतकी पुसली होती की शेजारच्या मांजरीने तिच्यात तोंड पाहिलं आणि घाबरून पळून गेली.

सुईताईंचं वय एकोणपन्नास. लग्न केलं नाही, कारण करावंसं वाटलं नाही. एवढं सरळ कारण लोकांना पुरत का नाही, याचं त्यांना पंचवीस वर्षं नवल वाटत होतं. घरोघर जाऊन लोकांचं रक्त घ्यायचं आणि लॅबमध्ये पोचवायचं, हे त्यांचं काम. त्यावरूनच नाव पडलं सुईताई. आता लॅबने टेकडीवरची घरंही त्यांच्याकडे दिली होती. तो चढ पायी चढायचा म्हणजे नमुन्यांच्या आधी स्वतःच तपासणीला पडायची पाळी!

"ताई, बिनगिअरची स्कूटर घ्यायचीस ना," भाऊ म्हणाला. "या वयात..."

"या वयात काय?"

"काही नाही," भाऊ म्हणाला आणि स्वतःच्या कपात बघू लागला.

सोमवारी सुईताई टेकडीवरून नऊ जणांचं रक्त घेऊन निघाल्या. उतार लागला. चौथ्यावरून तिसरा पाडला, गाडीने आचका दिला. तिसऱ्यावरून दुसरा पाडला, मागचं चाक किंचाळलं. पहिला पाडला तेव्हा सुईताई सीटवरून सरकून पेट्रोलच्या टाकीवर जाऊन बसल्या होत्या! मागे बांधलेल्या पेटीतल्या नळ्या खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या.

लॅबच्या मुख्य डॉक्टरीणबाईंनी एकेक नळी उजेडात धरली. यंत्रात फिरवल्यावर रक्ताच्या वर पिवळसर पाणी राहायला हवं. इथे सगळं लालेलाल!

"नऊपैकी सात वाया! पेशी फुटल्यात. सुईताई, रक्त आणलंत की घुसळून आणलंत?"

"रस्ता खराब आहे," सुईताई म्हणाल्या.

"रस्ता परवाच नवा केलाय. हे बघा, पंधरा दिवस देते. तोवर नमुने धड आले नाहीत तर टेकडीची फेरी दुसऱ्याला. तुम्ही खाली बसून रिपोर्टची पाकिटं चिकटवायची."

पाकिटं! वीस वर्षं नसा शोधलेल्या बोटांनी डिंक लावायचा! सात जणांना पुन्हा टोचताना सुईताई प्रत्येकाची माफी मागत होत्या आणि मनात एकच घोकत होत्या : चालवीन तर हीच!

ज्याने गाडी विकली होती त्या मेकॅनिकला त्यांनी गाठलं. तो म्हणाला, "गाडी वेगात असते आणि इंजिन मंद. दोघांचं पटत नाही म्हणून आचका बसतो. तुम्ही क्लच दाबलात की जरा रेस द्या, घुर्र! मग गिअर पाडा आणि क्लच सोडा. दर गिअरला एक घुर्र. बस!"

झालं! रोज संध्याकाळी साडेपाचला, पेटी रिकामी झाल्यावर, सुईताई उतारावर सराव करू लागल्या. उतार संपतो तिथे वळण, आणि वळणावर बाल्कनीचं एक पिवळं घर. चौथा ते पहिला हा सगळा कार्यक्रम नेमका त्या बाल्कनीखाली यायचा. घुर्र! खट्! घुर्र! खडाक्! घुर्र! खट्!

तिसऱ्या दिवशी बाल्कनीत एक गृहस्थ येऊन उभे राहिले. साठी उलटलेले, इस्त्रीचा शर्ट, पांढऱ्या मिशा. चौथ्या दिवशी त्यांनी छातीवर हात ठेवून डोळे मिटले. पाचव्या दिवशी दोन बोटं वर केली. आणि सहाव्या दिवशी तळहात हवेत हळूहळू खाली आणला, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

सुईताईंनी हे पाहिलं, पण लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते समोरच्या इस्त्रीवालीने. तिने एक चादर करपवून सगळा प्रकार डोळ्यांत साठवला आणि भावजयीला सांगितला.

"वन्सं," भावजय दार लावून घेत कुजबुजली, "तुम्ही त्यांच्या बाल्कनीखाली रोज तीनदा गाडी गुरगुरवता म्हणे!"

"गिअरचा सराव करते मी!"

"ते छातीवर हात ठेवतात म्हणे! आणि दोन बोटं दाखवतात! इस्त्रीवाली म्हणते, दोन बोटं म्हणजे आपण दोघं!"

"आणि हात खाली करतात तो?"

"खाली उतरा, बोलू या, असं असेल. वन्सं, माणूस एकटा आहे. सहा महिन्यांपूर्वीच राहायला आलाय. दात स्वतःचे आहेत!"

"दात तू कधी मोजलेस?"

तेवढ्यात भाऊ आला. "ताई, लोक बोलायला लागलेत. मागच्या रस्त्याने येत जा."

हे ऐकलं मात्र, सुईताईंच्या अंगात वीज संचारली. "मी रस्ता बदलू? मी? बाल्कनीत ते उभे राहतात, मी नाही! त्यांनी घर बदलावं!"

दुसऱ्या दिवशी त्या वळणावर मुद्दाम दोनदा गेल्या. सहा घुर्र! गृहस्थांनी दोन्ही हातांनी कठडा धरला. इस्त्रीवालीने टाळी वाजवली. लॅबमध्येही बातमी पोचली. डॉक्टरीणबाई नळी उजेडात धरून म्हणाल्या, "आज चारच वाया. प्रेमाने हात हलका होतो वाटतं!"

आता मात्र हद्द झाली. सुईताईंनी ठरवलं, समोरासमोर जायचं आणि स्पष्ट नकार द्यायचा. रात्रभर वाक्यं जुळवली. 'आपल्या भावनांचा आदर आहे' हे घातलं, मग काढलं, मग पुन्हा घातलं. शनिवारी निळा कुडता घातला. उगाच नव्हे! बाकीचे धुवायला होते.

साडेपाच वाजले. घुर्र, खट्! घुर्र, खडाक्! सुईताईंनी बाल्कनीखाली करकचून गाडी थांबवली. गृहस्थ दुडूदुडू जिना उतरत रस्त्यावर आले. इस्त्रीवालीने इस्त्री उभी करून ठेवली.

सुईताईंनी एका दमात सगळं म्हणून टाकलं. आदर, वय, स्वातंत्र्य, एकटीचा सुखाचा संसार, काही म्हणजे काही सोडलं नाही!

"काय?" गृहस्थ कानाला हात लावून म्हणाले. "काच वर करा. नुसतं धुकं दिसतंय आत."

सुईताईंनी काच वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. या खेपेला 'आदर' विसरल्या.

गृहस्थ बघतच राहिले. "नकार? कशाला नकार?"

"तुमच्या... त्या छातीवरच्या हाताला! त्या दोन बोटांना!"

"अहो बाई, दोन बोटं म्हणजे दुसरा गिअर! डोंगरातल्या रस्त्यावर चौतीस वर्षं बस चालवलीय मी. एकदाही गिअरने आवाज केला नाही. आणि इथे रोज साडेपाचला तुम्ही दुसरा गिअर असा पाडता की माझ्या छातीत कळ येते! हात खाली आणतो तो क्लचसाठी. हळू सोडा म्हणतो, हळू! तुम्ही तर चटका बसल्यासारखा सोडता!"

इस्त्रीवालीने घाईघाईने एक उशीचा अभ्रा उचलला आणि थंड इस्त्री त्यावरून फिरवू लागली.

दुसरी कोणी असती तर घरी निघून गेली असती. सुईताई हनुवटी वर करून म्हणाल्या, "मग नुसती बोटं काय दाखवता? दाखवा करून!"

"मी कशाला? चालवायची तुम्हाला आहे. आधी ब्रेकने वेग उतरवा, मग गिअर. तुम्ही आधी गिअर पाडता आणि मग वेगाला कळवता. आणि रेस जराशी, गाडीच्या कानात सांगितल्यासारखी. तुम्ही देता ती रेस म्हणजे भांडण आहे!"

सुईताई अकरा वेळा उतार चढल्या आणि उतरल्या. बाराव्या वेळी दुसरा गिअर कधी पडला ते त्यांनाही कळलं नाही. गृहस्थांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान डोलावली.

घरी भावजय दारातच होती. "मग? दिलात नकार?"

"दोनदा दिला."

"ते काय म्हणाले?"

"क्लच हळू सोडा म्हणाले."

पुढच्या सोमवारी नऊच्या नऊ नळ्यांत पिवळसर पाणी आलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. फेरी सुईताईंकडेच राहिली. भाऊ आता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "स्कूटर घेऊ नकोस असं मीच ताईला सांगितलं होतं."

पण एक झालं. संध्याकाळी वळणावर गाडी मऊ उतरायची, आणि बाल्कनी रिकामी असायची. सोमवारी रिकामी, मंगळवारी रिकामी. बुधवारीही रिकामी. आता आवाजच नाही म्हटल्यावर माणूस बाहेर येणार कशाला? सुईताईंना त्याचं काही नव्हतं. काहीएक नव्हतं! गुरुवारी त्यांनी पेटी रिकामी असल्याची खात्री केली, आजूबाजूला पाहिलं आणि दुसरा गिअर जोरात हाणला. खडाक्!

बाल्कनीचं दार धाडकन उघडलं. "बाई! हे काय?"

"मुद्दाम केलं!" सुईताई काच वर करून, मान ताठ ठेवून म्हणाल्या. "काही म्हणणं आहे?"

"शक्यच नाही," गृहस्थ म्हणाले. "इतकं वाईट मुद्दाम कुणाला जमत नाही. थांबा, चपला घालून येतो."