तीनशे कॅसेटींना ऊन

लोक डाळीला ऊन दाखवतात, गोधड्यांना दाखवतात. मी चैत्रात पत्र्यावर जुनं लुगडं अंथरून तीनशे कॅसेटींना ऊन दाखवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, स्वतःला गल्लीतली सगळ्यात हुशार सून समजत होते आणि समोरच्या शकुंतलेवर जळत होते. नाती विचारतात, "आजी, असं कुणी करतं का?" जळणारी बाई काहीही करते. तिचं डोकं सोडून सगळं चालू असतं.

कॅसेटी नरहरीकाकांच्या. मानवत गावात आमच्या भिंतीला भिंत लावून ते एकटेच राहायचे. एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनानं गाड्या बंद पडायच्या ती वर्षं. काका म्हणायचे, "मी सुटलो. माझ्या गाड्या आता टेपवरच पळतेत." भजनं, कव्वाल्या, लावण्या, रेडिओवरून भरून घेतलेली गाणी, सगळं बिस्किटांच्या खोक्यांत. आपल्या घराला ओल येते, कॅसेटींना दुसरी कायमची जागा हवी, असं ते म्हणायचे, आणि तिच्यासाठी दोन वर्षं ते गल्ली पालथी घालत होते.

काका दोऱ्याला सुई बांधून यायचे. कपाट उघडायला लावायचे, आत सुई सोडायचे आणि श्वास रोखून बघायचे. सुई जरा ओढल्यासारखी वाटली की कपाट बाद. "लोहचुंबकानं गाणं पुसतं, सूनबाई." मग आत डोकं घालून वास घ्यायचे. दमट आला तरी बाद. धान्याची कणगी उंदरांपायी बाद. डॉक्टरांच्या घरचा फ्रिजसुद्धा बघून आले. "थंडावा लय चांगलाय, पर लाइट कुठं ऱ्हाती?"

गाळून गाळून दोनच जागा उरल्या. समोरच्या शकुंतलेचं माहेरहून आलेलं कपाट, लोखंडी असूनही सुई न ओढणारं, आणि माझी सागवानी पेटी. काका एक दिवस तिच्याकडं, एक दिवस माझ्याकडं. तिच्याकडं दहा मिनिटं जास्त बसले की माझी भाकरी तव्यावर करपायची, कारण मी दाराआड उभी असायची. तिच्या कपाटाला आरसा होता. मी नवऱ्याला म्हटलं, "आपल्या पेटीला पण आरसा बसवा."

"का? कॅसेटी भांग पाडणारेत का?"

मग काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. परभणीला आठ दिवस. बंद घरात उंदीर शिरतील म्हणून ते माझ्याकडं आले. "तेवढे दिवस तुझ्या पेटीत ऱ्हाऊ दे. चाचणी समज."

काकांच्या दारातून माझ्या दारात चार पावलं. मी प्रत्येक खोकं शकुंतलेच्या ओसरीवरून नेलं.

पाचव्या दिवशी ती साखर मागायला आली. पेटीत वाकली, नाकाला पदर लावला. "बाई गं, दमट वास यायलाय की. माझ्या कपाटाला असलं काही न्हाई बघ." साखर घेऊन गेली. तिचं पाऊल उंबऱ्याबाहेर पडलं तसं मी वरच्या पत्र्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पसरल्या. दुपारी चाळायला वर गेले, हो, चाळायलाच, डाळीची सवय. कॅसेटी कडेनं पापडासारख्या वळल्या होत्या. काही एकमेकींना चिकटल्या होत्या. निम्म्याहून जास्त गेल्या.

काका डोळ्याला हिरवी पट्टी लावून परतले. मी पेटी उघडली आणि सगळं सांगितलं, शकुंतलेचं नाकसुद्धा. त्यांनी एक वाकडी कॅसेट उचलली. उघड्या डोळ्याजवळ नेऊन तिच्यावरचं स्वतःचं अक्षर वाचलं. तिच्या डबीत घालायला गेले, झाकण लागेना. तरी बराच वेळ अंगठ्यानं दाबत राहिले. मग पाणी मागितलं. त्यांनी ओरडावं म्हणून मी वाट बघत होते.

"काका," मी रडत म्हटलं, "मला फक्त माझी पेटी तुमच्या पसंतीस उतरवायची व्हती."

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

"तुझी पेटी तर पहिल्याच दिवशी पसंत पडली व्हती, सूनबाई. पर तसं सांगून टाकलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून कुणाच्या घरी काय काम सांगून आलो असतो?"